काळनखीचं मडकं

तेरवीचे शेवटचे पाहुणे सकाळच्या बसनं गेले आणि त्याच दिवशी दुपारी ताराचंदला कळलं, की सपरीतली, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतली, मडकी गेली आहेत.

त्याच्या बायकोला, रुखमिणीला, ऊन लागलं होतं. पवनीहून येणारी बस चुकली तर ही बाई भर वैशाखात पायी निघाली. घरी आली, ओकली, आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं बोलणं बंद झालं होतं. प्रेत परत आणलं तेव्हा आतल्या खोलीत माणसं मावेनात, म्हणून तिला सपरीत ठेवलं. त्यानंतर ताराचंदनं सपरीत पाय ठेवला नव्हता. येणंजाणं मागच्या दारानं.

पण त्या दुपारी त्याला बिजाईची आठवण झाली. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधी बियाण्याला एकदा ऊन दाखवावं लागतं. ते काम रुखमिणीचं. दरवर्षी ती मडक्याच्या तोंडावरचं शेणामातीचं बूच फोडायची, धान खाटेवर पसरायची, आणि कोंबड्यांना शिव्या देत दिवसभर राखणीला बसायची. यंदा आपल्याला बसावं लागणार, असं मनाशी म्हणत त्यानं सपरीची कडी काढली.

सपरी स्वच्छ लिपलेली होती. भिंतीला दंडारीच्या खेळातले मुखवटे होते, आढ्याला मासे धरायचा बांबूचा पिंजरा टांगलेला होता, धान मोजायचे लाकडी कुडो ओळीनं होते. फक्त उजवीकडची लांब फळी रिकामी होती. फळीवर गवताच्या चुंबळी तशाच होत्या आणि प्रत्येक चुंबळीपुढे अंगणवाडीच्या मेघानं गोल अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती. पाण्याचा रांजण. ताकाचं गाडगं. लग्नातली इवली मडकी. आणि शेवटची, बिजाईचं मडकं, काळनखी धान.

ताराचंद ओट्यावर आला आणि समोरच्या घराकडे पाहून ओरडला, "परसरामभाऊ! चोरी झाली गा!"

परसराम निवृत्त पोस्टमन. जेवून लवंडला होता, बनियनवरच धावत आला. त्यानं आत बघितलं, बाहेर बघितलं.

"दार फोडलं नाई," तो म्हणाला. "तुही टीव्ही आहे. पंखा आहे. पितळेचे गुंड, घागरी साऱ्या आहे. अन् चोरानं नेलं काय, त मडके? असा चोर मी तरी नाई पाहिला बाप्पा."

"मंग गेले कुठं?"

परसरामनं रिकाम्या फळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं. एवढंच म्हणाला, "सखाबाईले विचार."

सपरीतलं हे म्युझियम तसं रुखमिणीचंच खूळ. लोक घरं बांधायला लागले, स्लॅब पडले, आणि जुनं सामान उकिरड्यावर यायला लागलं. ती ते उचलून आणायची. गावानं तिला भंगारवाली म्हणून पाहिलं. मग अंगणवाडीची मेघा मदतीला आली, परसरामनं पत्रं लिहून पवनीच्या शाळेतल्या पोरांच्या सहली आणल्या, ढिवर मोहल्ल्यातून सखाबाई आणि तिचा नवरा केवळराम आपले जुने पिंजरे घेऊन आले. दर रविवारी सपरी उघडायची. कोणाला पगार नाही, कोणाला मान नाही. चहा मात्र रुखमिणीचा.

एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. परसरामला काचेचं कपाट पाहिजे होतं. "साऱ्या म्युझियमात असते," तो म्हणायचा. "हात लावू नये, असं लिहिलेलं असते."

"तुमच्या घरी बसवा मंग," रुखमिणी म्हणायची. "काचेत ठेवलं का सामान मरते. मडक्यात पाणी नाई, धान नाई, त मडकं कायचं? तडकून जाते ते."

तिनं तसंच चालवलं. सहलीतली पोरं जुन्या रांजणातलं पाणी प्यायची, जात्यावर दळायची, पोरींना मुसळ झेपत नसे तरी ती कांडायला लावायची. आणि बिजाईच्या मडक्यात खरंच बिजाई असायची. काळनखी हे तिच्या माहेरचं धान. दाण्याच्या टोकाला काळा ठिपका, शिजवलं की शेजारच्या घरापर्यंत वास. हे धान आता कोणी लावत नव्हतं. उशिरा निघतं, वाऱ्यानं आडवं होतं. रुखमिणी मात्र विहिरीजवळच्या लहानशा बांधीत, शेताच्या एका तुकड्यात, दरवर्षी लावायची, मडकं भरायची, तोंड लिपून फळीवर ठेवायची. पाहुण्यांना सांगायची, "बाकी सारं जुनं आहे. हे एकच जितं आहे."

ताराचंद तळ्याच्या पाळीखाली गेला तेव्हा सखाबाई अंगणात जाळं सोडवत बसली होती. त्याला पाहून तिनं पदर नीट केला आणि खाट पुढे ओढली. तो बसला नाही.

"सखाबाई, मडके कुठं गेले?"

तिनं जाळ्यातून मान वर केली. "तळ्यात. सुतक फिटलं त्या दिवशी."

"कोणी टाकले?"

"मीच टाकले भाऊ. बाया होत्या संगं." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "मयत झाल्या घरचे मातीचे भांडे ठेवते काय कोणी? तुह्या रांधणीतले टाकले, नहाणीतलं टाकलं, सपरीतले टाकले."

"अवं, ते म्युझियमचे होते ना!"

"म्युझियमचे कायचे? रुखमी पाणी पेत होती त्यातून. मी पेत होतो. काचेत असते त मी हात नसता लावला. अन् तू तिले झोपवलं कुठं? त्या फळीखालीच ना? तिचा जीव त्या मडक्यात अडकून राहिला असता त तुले चाललं असतं?"

ताराचंद खाटेच्या कडेवर टेकला. गावात कोणाचंही सुतक फिटलं की मातीची भांडी फेकतात. त्याच्या आईच्या वेळी त्यानं स्वतः फेकली होती.

"बिजाई होती त्यात," तो शेवटी म्हणाला.

सखाबाईचे हात थांबले.

"जड लागलं मले," ती हळू म्हणाली. "तेव्हाच समजलं धान आहे म्हनून. पन बाया डोईवर घेऊन उभ्या होत्या. एक ठेवलं अन् बाकी टाकले, असं होत नाई भाऊ. अन् ती त वाटत होती ना दरसाल, कोणाकोणाले मूठमूठ. मले वाटलं, कोणाकडंही भेटन."

मग जाळं बाजूला ठेवून म्हणाली, "बाकीचे फोडले. ते नाई फोडलं. हात नाई झाला. तसंच पाण्यात सोडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळराम तळ्यात उतरला. उन्हाळ्यामुळे पाणी कमरेएवढंच उरलं होतं, पण खाली चिखल गुडघाभर. मेघा अंगणवाडीत जायच्या आधी येऊन पाळीवर उभी राहिली. परसराम छत्री घेऊन बसला. सखाबाई जरा लांब, बाभळीखाली होती. केवळराम पायानं चाचपत फिरत होता आणि खापऱ्या काठावर फेकत होता. रांजणाचा गळा आला. ताकाच्या गाडग्याचं बूड आलं. मेघा एकेक खापरी धुऊन ओढणीत गोळा करत होती.

"काय करते पोरी त्याचं?" परसराम म्हणाला.

"जोडता येईल काका. फेव्हिकॉलनं."

"जोड मंग. पाणी पिऊ त्यातून आपण."

तेवढ्यात केवळराम वाकला, पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला, आणि दोन्ही हातांनी मडकं वर काढलं. अख्खं होतं. चिखल ओघळला तसं तोंड दिसलं. शेणामातीचं बूच वरून विरघळलं होतं, पण खालचं फडकं आणि सुतळी जागेवर होती.

"बंद आहे गा!" परसराम छत्री टाकून उभा राहिला. "पोस्टाच्या थैलीवानी बंद आहे! काही झालं नसन त्याले."

बाभळीखाली सखाबाईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

ताराचंदनं मडकं डोक्यावर घेतलं नाही, छातीशी धरून घरी आणलं. अंगणात खाट टाकली, त्यावर रुखमिणीचं धुतलेलं लुगडं पसरलं आणि सुतळी कापली. फडकं निघालं तसा वास आला. मेघानं तोंड फिरवलं. आत पांढऱ्या मोडांचा गुंता झाला होता. पाणी मडक्याच्या अंगातून आत झिरपलं होतं, धान उगवलं होतं, आणि हवा नसल्यामुळे उगवून तिथंच सडलं होतं. हात घातला की काळा लगदा लागत होता.

मडकं पाझरतं म्हणून पाणी गार राहतं, हे ताराचंदला लहानपणापासून माहीत होतं. घरी येईपर्यंत ते त्याला आठवलं नव्हतं, इतकंच.

तरी मेघानं बसून त्या लगद्यातले जे दाणे अख्खे वाटले ते वेचले. ओल्या बारदान्यात गुंडाळून सावलीत ठेवले, बियाणं तपासायला ठेवतात तसे. ताराचंद रोज ते उघडून पाहायचा. सावकाश उघडायचा, सावकाश बंद करायचा. दाणे मऊ पडत गेले, मग त्यांवर बुरशी आली. मेघानं एक दिवस न विचारता बारदाना उचलला आणि उकिरड्यावर झटकून आणला.

आता उरले होते ते मूठमूठ नेलेले लोक. कोणाकोणाला दिलं, हे ताराचंदला तोंडपाठ होतं, कारण दर वेळी रुखमिणी त्याच्याशी दोन दिवस तेच बोलायची. तो आणि परसराम एकेका दारात गेले.

गावातल्या उर्वशीनं तोंडात बोटच घातलं. "माय वो! काका, ते त मी त्याच साली कोंबड्यायले टाकलं. सासूबाई म्हनत होत्या, कायले त्या काकीच्या नादी लागते." नदीकडच्या इश्वरनं लावलं होतं, पण पिकाआधीच धान पडलं आणि त्यावर पाणी फिरलं. पुन्हा मागायला त्याला लाज वाटली. आणखी एक घर कुलूपबंद होतं, माणसं नागपूरला कामाला गेली होती.

"एक चिखल्याचं राहिलं," ताराचंद म्हणाला.

चिखल्याला रुखमिणीची धाकटी बहीण आनंदाबाई राहत होती. तिचा नवरा मँगनीजच्या खाणीत कामाला. खाणीच्या वसाहतीमागं त्याचं थोडं वडिलोपार्जित शेत होतं, आणि आनंदाबाई माहेरचं म्हणून त्यात काळनखी लावायची. रुखमिणीच्या मडक्याखेरीज हे धान नक्की असेल तर तिथंच. ताराचंदला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते दार त्यानं शेवटी ठेवलं होतं.

तो आणि परसराम पहाटेच निघाले. भंडाऱ्याला बस बदलली, तुमसरला पुन्हा बदलली. तुमसरच्या स्टँडवर धानाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत होता. परसरामनं पिशवी आणली होती, आत आणखी एक पिशवी, आणि तिच्या आत प्लास्टिकचा डबा.

"एवढं कायले?" ताराचंदनं विचारलं.

"पाणी लागलं त? एकदा झालं तेवढं पुरे झालं."

त्या प्रवासात ताराचंद बऱ्याच दिवसांनी बोलला. विहिरीजवळची बांधी कशी तयार करायची, पऱ्हे कुठं टाकायचे, फळीवर नवं मडकं ठेवायचं की तेच घासून ठेवायचं. परसराम हो गा, हो गा करत राहिला. मधेच म्हणाला, "काचेचं कपाट मात्र घेऊ आता." आणि रुखमिणीच्या जाण्यानंतर पहिल्यांदा ताराचंद हसला.

चिखल्याच्या रस्त्यावर ट्रकांची काळी धूळ होती. आनंदाबाईनं दार उघडलं, भाऊजींना पाहिलं आणि चौकटीला धरून रडायला लागली. तिचा आवाज रुखमिणीसारखा होता. ताराचंद खाली मान घालून उभा राहिला. परसरामनंच तिला पाणी आणायला सांगितलं, आणि पाणी आल्यावर सगळी हकीकतही त्यानंच सांगितली. मडकी, तळं, सडलेलं धान.

आनंदाबाई ऐकत होती. तिच्या हातातला तांब्या हळूहळू तिरपा झाला आणि पाणी फरशीवर सांडलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमाले कोणी सांगतलं नाई?"

"काय?"

"तेरवीचा भात."

ताराचंदला समजलं नाही. तेरवीला तो पंगतीत बसला होता. इतके दिवस घशाखाली काही उतरत नव्हतं, पण त्या दिवशी भाताचा वास आला आणि भूक लागली. त्यानं भात परत मागून घेतला होता. सगळी पंगत भाताला नावाजत होती. हा वास आपल्या घराचाच, असं त्याला वाटलं होतं. कुठून आला, हे त्यानं विचारलं नव्हतं.

"मी आनला होता," आनंदाबाई म्हणाली. "बहिनीच्या तेरवीले माहेरचं धान्य न्यावं लागते ना. म्या म्हटलं, दुकानातलं कायले नेऊ? तिच्याच माहेरचं धान नेतो. सारं भरडून आनलं. तुम्ही परत मागतला भात त मले इतकं बरं वाटलं भाऊजी. म्या म्हटलं, बाईच्या जिवाले पोचलं."

"सारं?" परसराम म्हणाला. "मूठभर बी नाई ठेवलं, बाई?"

"कायले ठेवू? तिच्या घरी मडकं भरून होतं ना! पाऊस आला का तिच्याकडूनच आनू म्हटलं..." तिथं तिला आठवलं की 'तिच्याकडून' आता काही आणायचं नाही, आणि ती थांबली.

मग ती उठून आत गेली. डबे उघडल्याचे, उलटे केल्याचे आवाज आले. सूप झटकल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर तांदळाचे थोडे दाणे होते. पांढरे, भरडलेले. शिजवले असते तर वास आला असता. पेरून काही उगवलं नसतं.

परतीच्या बसची वाट पाहत दोघं तुमसरच्या स्टँडवर बाकावर बसले. परसरामच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. तिची घडी घालत तो म्हणाला, "मी बी दोनदा घेतला गा भात."

"साऱ्यायनंच घेतला," ताराचंद म्हणाला.

पुढे पाऊस पडला, गावानं पऱ्हे टाकले, ताराचंदनंही टाकले. दुकानातून आणलेलं बियाणं होतं, चांगलं उगवलं. रोवणी झाली. विहिरीजवळच्या बांधीत मात्र त्यानं काही लावलं नाही. तिथं गवत वाढलं आणि शेजाऱ्याची म्हैस चरायला लागली. त्यानं तिला हाकललं नाही.

म्युझियम पुन्हा सुरू झालं. कोणी ठरवलं नाही. एका रविवारी परसराम येऊन कडी काढून बसला, मेघानं झाडलं, चहा ताराचंदनं केला. तो गोड फार झाला. मेघानं रांजण जोडला होता, त्याच्या पोटाला मोठं भोक राहिलं होतं. पाणी त्यात ठेवता येत नाही. पवनीच्या शाळेची सहल आली तेव्हा पोरं रिकाम्या फळीजवळ गेली आणि चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला लागली. एका पोरीनं विचारलं, "हे काळनखी कुठं आहे?" मेघानं ताराचंदकडे पाहिलं. तो पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर गेला.

"चिठ्ठ्या काढू का काका?" मेघानं नंतर विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला.

सखाबाई आली नाही. त्या सकाळी बाभळीखालून उठून गेली ती परत सपरीकडे फिरकलीच नाही. रोवणी आटोपल्यावर एक दिवस केवळराम आला. त्याच्या हातात नवं मडकं होतं, पवनीच्या बाजारातून आणलेलं. ते त्यानं ओट्यावर ठेवलं आणि स्वतः पायरीवर बसला.

"तिनं धाडलं," तो म्हणाला. "तू एकदा घरी ये गा. तुह्या मुखातून एक शब्द ऐकला का ती उठन. भात खाणं सोडलं तिनं. म्हनते, मी रुखमीले दुसऱ्यांदा मारलं. मी समजावतो त मले म्हनते, तुम्ही कायले बोलता, ज्याचं गेलं त्यानं बोलावं."

"तिचं एकटीचं नाई ते," ताराचंद म्हणाला.

"तेच सांग ना तिले येऊन. माह्यानं नाई होत."

"येतो," ताराचंद म्हणाला.

सांगायचं काय, हे त्याला माहीत होतं. मडकं तिनं टाकलं, आनंदाबाईनं धान भरडलं, आणि त्यानं ते परत मागून खाल्लं. एवढंच सांगायचं होतं. दोनदा तो पाळीपर्यंत गेला. एकदा सखाबाई अंगणात बसलेली दिसली, खूप वाळलेली, हातात जाळं नव्हतं. तो तिथूनच वळला.

नवं मडकं त्यानं शेवटच्या चुंबळीवर ठेवलं आहे, मेघाच्या चिठ्ठीमागं. त्यात काही नाही. सखाबाईकडे तो अजून गेलेला नाही.